विसार कशासाठी? जुनी गाडी विकताना शब्द आणि पैसा



वचन, करार आणि विश्वास या विषयांवर आपण गेले काही आठवडे बोलतो आहोत. मागच्या प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं, 'सर, हे सगळं ठीक आहे. पण मी माझी जुनी गाडी ऑनलाइन विकायला काढली आहे. चार जणांनी नक्की घेतो म्हणून सांगितलं, एकानं टोकन पाठवतो म्हटलं, आणि आता कोणी फोन उचलत नाही. तुमचं तत्त्वज्ञान याला काय म्हणतं?' सभागृहात हशा पिकला. आम्हाला मात्र प्रश्न अगदी विषयाला धरून वाटला. म्हणून आज फक्त याच गोष्टीवर बोलू. मध्ये थोडा कायदा येईल, थोडं आरटीओही येईल. त्याला इलाज नाही.

आधी शब्दाकडे बघू. आज सगळे 'टोकन' म्हणतात. आपल्याकडे विसार, इसार, बयाणा हे शब्द आहेत. त्यातला बयाणा फारसीतून आला. पण त्याच्याही फार आधी संस्कृतात या पैशाला एक सुंदर शब्द होता, 'सत्यंकार'. अमरकोशाच्या वैश्यवर्गात तो नोंदलेला आहे. सत्यंकार म्हणजे खरं करणं. व्यापारी माल पाहतो, भाव ठरतो, आणि थोडे पैसे हातावर ठेवून तो आपलं बोलणं 'खरं करतो'. पाणिनीनं तर 'सत्य' शब्दापासून क्रियापद बनवण्याचा एक नियम देताना एक अट घातली आहे: शपथेचा अर्थ नसेल तेव्हाच हे रूप व्हावं. टीकाकार उदाहरण देतात ते मालाचा सौदा पक्का करणाऱ्या वाण्याचं. आता यातली गंमत बघा. व्याकरणकारालासुद्धा शपथ घेणारा आणि विसार देणारा यांत फरक करावासा वाटला. एक देवाला साक्षी ठेवतो, दुसरा खिशात हात घालतो.

मग खिशात हात घालायला लावायचंच कशाला? माणसाचा शब्द पुरेसा का नाही? अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमनं यावर फार मार्मिक लिहिलं आहे. १७४० साली आलेल्या त्याच्या ग्रंथभागात दोन शेजारी शेतकऱ्यांचा दाखला आहे. एकाचं पीक आज तयार आहे, दुसऱ्याचं उद्या होणार. आज मी तुला मदत केली आणि उद्या तू मला केलीस तर दोघांचंही भलं. पण दोघांत जिव्हाळा नाही, उद्याची खात्री नाही, म्हणून कोणीच कोणाला मदत करत नाही आणि दोघांचंही पीक वाया जातं. ह्यूम म्हणतो ते थोडक्यात असं, की वचन ही निसर्गानं दिलेली गोष्ट नाही, माणसांनी एकमेकांच्या सोयीसाठी ती घडवली. आणि ती टिकते कशामुळे? तर जो शब्द मोडतो त्याच्यावर पुन्हा कोणी विश्वास ठेवत नाही, या भीतीमुळे.

नेमकी हीच भीती ऑनलाइन व्यवहारात नाहीशी होते. पूर्वी गावात, पेठेत, ऑफिसात गाडी विकली जायची ती ओळखीतून. 'अमुक साहेबांची गाडी आहे, एका हातात वापरलेली' एवढं पुरायचं. घेणारा फिरला तर चार लोकांत त्याचं नाव व्हायचं. आता घेणारा म्हणजे एक मोबाइल नंबर आणि गणपतीचा किंवा सूर्यास्ताचा एक फोटो. तो संध्याकाळी येतो म्हणाला आणि आला नाही, तर त्याचं काय बिघडतं? काहीच नाही. त्यानं कदाचित त्याच संध्याकाळी आणखी तिघांना तसंच सांगितलं असेल. गाडी बघायच्याही आधी 'लास्ट प्राइस काय' असं विचारणाऱ्याबद्दल तर काय बोलावं! आमचं मत विचाराल तर त्याला रागावू नये आणि उत्तरही देऊ नये. 'गाडी बघा, मग बोलू' एवढंच पुरे.

तर विसार ही त्या हरवलेल्या भीतीची जागा भरून काढणारी वस्तू आहे. पण ती नक्की कशाचा मोबदला आहे? लोक समजतात तो गाडीच्या किमतीचा पहिला हप्ता आहे. काही विक्रेते त्याच्याकडे दंड म्हणून बघतात, फिरलास तर तुझे पैसे गेले. आम्हाला दोन्ही समजुती अपुऱ्या वाटतात. विसार घेतल्यावर आपण काय करतो? जाहिरात उतरवतो किंवा तिच्यावर 'विकली' असं लिहितो. बाकीच्यांना नाही म्हणतो. म्हणजे आपण गाडीचं दार काही दिवस फक्त एका माणसासाठी उघडं ठेवतो आणि इतरांसाठी बंद करतो. विसार हा त्या बंद दाराचा मोबदला आहे. एवढं एक ध्यानात धरलं की किती घ्यावा, किती दिवसांसाठी घ्यावा, कधी परत द्यावा, या सगळ्याची उत्तरं त्यातूनच निघतात.

आता बेभरवशाच्या गिऱ्हाइकाकडे वळू. इथे एक भेद केला नाही तर सगळा घोटाळा होतो. शब्द मोडणारे दोन जातींचे असतात. एकाला गाडी खरंच हवी असते. पण घरी गेल्यावर बायको म्हणते डिझेल नको, मेहुणा म्हणतो यापेक्षा स्वस्त मिळेल, आणि याचं मन डगमगतं. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात, सातव्या भागात, या दुबळ्या निश्चयाचं सविस्तर विवेचन केलं आहे. काय योग्य ते कळतं, पण तसं वागणं होत नाही. दुसरा माणूस शब्द देतानाच तो पाळणार नसतो. कांटनं १७८५ साली खोट्या वचनाचं जे उदाहरण घेतलं, परत करणार नाही हे ठाऊक असताना उसने पैसे मागणारा, तो हा. पहिला दुबळा आहे, दुसरा ठग आहे.

विसाराचा उपयोग फक्त पहिल्यावर होतो. पाच हजार अडकले की डगमगणारं मन ठिकाणावर येतं. ठगावर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. उलट ठगाला विसार हेच हत्यार म्हणून आवडतं. 'तुम्हाला टोकन पाठवतो' हे त्याचं पहिलंच वाक्य असतं.

हे जरा खुलासेवार सांगायला हवं, कारण आपल्यापैकी पुष्कळ जण साठी ओलांडलेले आहेत. गाडी न बघता, भावात घासाघीस न करता जो लगेच टोकन पाठवायला तयार होतो, त्याच्यापासून सावध व्हावं. हा माणूस बहुधा आपण लष्करात आहोत, लांब पोस्टिंगवर आहोत असं सांगतो. वर्दीचा फोटो पाठवतो. मग एक क्यूआर कोड येतो: 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' मित्रहो, आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिन तर कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे आपण पैसे दिले. दुसरा प्रकार चुकून जास्त पाठवल्याचा. पाच हजारांऐवजी पन्नास हजार गेले, असा मेसेज येतो आणि पाठोपाठ रडवेला फोन: 'काका, आईच्या औषधाचे पैसे होते, पंचेचाळीस परत करा.' तो मेसेज बँकेचा नसतोच, त्यानंच टाइप केलेला असतो. स्क्रीनशॉटचीही तीच गत. जमा झालं की नाही हे फक्त आपल्या खात्यात, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये किंवा पासबुकात बघायचं. चेक दिला तर तो वटेपर्यंत पैसे आले असं मानायचं नाही. डिमांड ड्राफ्ट असला तर ज्या बँकेनं काढला तिथे विचारून खात्री करायची. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. पहिल्या तासा-दोन तासांत कळवलं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता राहते.

आणखी एक प्रकार आहे, तो जास्त कावेबाज. मधला एक माणूस तुमच्या जाहिरातीतले फोटो उचलून स्वतःची स्वस्त जाहिरात टाकतो. खऱ्या गिऱ्हाइकाला तुमच्याकडे पाठवतो, सांगतो, 'माझ्या मामांची गाडी आहे, भावाचं त्यांच्याशी बोलू नका.' तुम्हाला सांगतो, 'माझा भाऊ बघायला येतोय, त्याच्याशी किमतीचं बोलू नका.' गाडी पसंत पडते, आणि विसार जातो त्या मधल्याच्या खात्यात. मग ते गिऱ्हाईक तुमच्या दारात उभं राहतं आणि म्हणतं, पैसे दिलेत, गाडी द्या. दोन प्रामाणिक माणसं एकमेकांना चोर समजतात. उपाय साधा आहे. गाडी बघायला आलेल्या माणसाशी समोरासमोर किंमत बोला, आणि ज्याच्या नावावर गाडी व्हायची आहे त्याच्याच खात्यातून विसार घ्या. आरसीचे आणि आधारचे फोटो वाटेल त्याला पाठवू नका. ठगाला दुसरी जाहिरात खरी भासवायला तेच लागतात.

बरं, आता प्रामाणिक पण डगमगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे परत येऊ. विसार किती घ्यावा? 'जितका जास्त तितका सौदा पक्का' असं लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही, आणि न्यायालयांनाही पटत नाही. आपल्याकडे भारतीय करार कायदा आहे १८७२ सालचा. त्याचं ७४वं कलम सांगतं की करार मोडला तर ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. मनाला येईल तो दंड नाही. विसाराबद्दल १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाचा एक महत्त्वाचा निकाल आला, श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट. विमानांच्या भंगाराचा सौदा होता, दहा लाखांचा. अडीच लाख आधी दिलेले. घेणाऱ्यानं बाकीचे पैसे दिले नाहीत. न्यायालयानं विसाराची लक्षणं मांडली: तो करार पक्का होताना दिला जातो, करार पाळला जाईल याची ती हमी असते, व्यवहार पुरा झाला तर तो किमतीत वळता होतो, आणि घेणाऱ्याच्या चुकीनं व्यवहार फिसकटला तर तो जप्त होतो. त्याच वर्षी आणखी एक निकाल झाला, लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवण्याच्या कंत्राटांचा. तिथे ठेवलेली रक्कम विसार नव्हती, नुसती अनामत होती, आणि नुकसान सिद्ध केल्याशिवाय ती सरकारला ठेवता आली नाही. वाजवी विसार जप्त करणं म्हणजे दंड नव्हे, पण रक्कम दंडासारखी असेल तर ७४वं कलम लागतं, हेही तिथे आलं.

म्हणजे चार लाखांच्या गाडीसाठी दोन लाख घेऊन त्याला 'विसार' म्हटलं, म्हणून तो विसार होत नाही. ते किमतीचे आगाऊ पैसे झाले. सौदा फिसकटला तर आपलं खरोखर नुकसान किती झालं हे दाखवावं लागेल आणि बाकीचे परत करावे लागतील. आमच्या अंदाजानं अशा गाडीला आठ दिवस दार बंद ठेवायचं तर पाच ते दहा हजार वाजवी आहेत. डिसेंबरात जरा जास्त घ्यावेत, कारण पहिली जानेवारी उलटली की गाडी कागदावर एक वर्षानं म्हातारी होते आणि गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. मुदत मात्र तारीख आणि वेळ घालून ठरवावी. 'पुढच्या आठवड्यात बघू' ही मुदत नव्हे.

उरलेली रक्कम रोख देतो म्हणणारे भेटतात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, असं आयकर कायदा सांगतो. यातला दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेइतकाच असू शकतो.

आता जिथे खरी कसोटी लागते तिथे येऊ. समजा, एक तरुण मुलगा आहे. पहिली नोकरी, आईवडिलांना फिरवायला गाडी हवी आहे. त्यानं गाडी पाहिली, मेकॅनिकला दाखवली, दहा हजार विसार दिला. बँकेचं कर्ज मंजूर होईल असा त्याचा विश्वास होता. बँकेनं नाकारलं. तो म्हणतो, सर, पैसे परत द्या. विकणाऱ्या आहेत एक बाई, निवृत्त, एकट्या. त्यांनी या मुलासाठी दुसरं चांगलं गिऱ्हाईक सोडलं आणि आता त्यांना वीस हजार कमी मिळणार आहेत. कोणी काय करावं?

कायद्याची पोथी उघडली तर बहुधा बाईंचं पारडं जड आहे. 'पैसे जमले नाहीत' ही सबब घेणाऱ्याच्या बाजूची आहे. पण आपल्याला ते खटकतं. का खटकतं? कारण तो मुलगा दुबळाही नाही आणि ठगही नाही. त्यानं शब्द मोडला नाही, त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टीनं तो मोडला गेला. आणि दुसरीकडे बाईंचं नुकसानही खोटं नाही. आमचं उत्तर असं, की हा प्रश्न नैतिक होण्याआधी विसार घेतानाच सोडवायचा असतो. 'कर्ज काढणार का?' असं आधीच विचारायचं. हो म्हणाला तर दोनच वाटा. एक तर बँकेनं तत्त्वतः मंजुरी दिल्याशिवाय विसार घ्यायचाच नाही, आणि तोवर गाडी सगळ्यांना खुली ठेवायची. नाही तर लिहून ठेवायचं: कर्ज नाकारल्याचं पत्र आणलं तर इतके परत, आणि झालेल्या दिवसांचे इतके वजा. आपण दार किती दिवस बंद ठेवलं यावर ते ठरवता येतं. चार दिवस ठेवलं तर दहातले दोन हजार ठेवावेत, आठ परत द्यावेत. त्या मुलाला ते अन्यायाचं वाटणार नाही, कारण त्याला ते आधीच माहीत असेल. न लिहिता घेतलेल्या दहा हजारांत मात्र दोघेही आपापल्या परीनं बरोबर ठरतात, आणि असं भांडण मिटत नाही.

आणि विकणाराच फिरला तर? याबद्दल जाहिरातवाले कोणी बोलत नाहीत! विसार घेतला, दोन दिवसांनी दुसरा पंधरा हजार जास्त द्यायला तयार झाला, आणि पहिल्याला फोन केला: 'घरचे नको म्हणतात.' पैसे परत दिले की आपण मोकळे, असं पुष्कळांना वाटतं. जुन्या स्मृतिकारांना तसं वाटत नव्हतं. याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकाराची रक्कम दुप्पट परत करायला सांगितली आहे. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या रोमन कायद्यातही तेच: घेणारा फिरला तर विसार गेला, विकणारा फिरला तर दुप्पट द्यावा. इतक्या दूरच्या दोन परंपरांना एकच आकडा सुचावा, यावर आम्हाला कधी तरी सवडीनं बोलायचं आहे. आज एवढंच, की विसारपावतीत हे कलम घालायला विकणाऱ्यानं कचरू नये. समोरच्याचा विश्वास बसायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही.

विसारपावती म्हणजे काही स्टँपपेपरचं मोठं प्रकरण नाही. साध्या कागदावर दोघांची नावं, पत्ते, गाडीचा नंबर आणि चॅसी नंबर. ठरलेली पूर्ण किंमत. विसार किती, कोणत्या खात्यातून, कधी आला. बाकी रक्कम कोणत्या तारखेच्या किती वाजेपर्यंत द्यायची. घेणारा फिरला तर काय, विकणारा फिरला तर काय, कर्ज नाकारलं तर काय. आणि गाडी पाहून, चालवून, तपासून घेतली आहे असं एक वाक्य. खाली दोघांच्या सह्या. मेकॅनिकची तपासणी विसाराच्या आधी होऊ द्या, नंतर नको. नंतर झाली की प्रत्येक ओरखडा हा भाव पाडायचा मुद्दा होतो. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर तेही लिहा, आणि तो उतरवायला किती दिवस लागतील तेही.

विसारावर गाडीची चावी द्यायची नाही. हे आम्ही जरा आवाज चढवून सांगतो. काही दलाल पाच हजार टोकन देतात, कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतात आणि 'कागद मी बघतो' म्हणतात. पुढे ती गाडी दोन-तीन हातांतून फिरते, नाव मात्र तुमचंच. कायदा मालक कोणाला मानतो? नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकली गेली, नोंदणी पहिल्याच्या नावावर राहिली, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर आली. गाडी विकून वर्षं झाली होती तरी. म्हणून पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच चावी द्या. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर तास आणि मिनिटंही घाला, फास्टॅग बंद करा, आणि हस्तांतर झाल्याचं १४ दिवसांच्या आत आरटीओला स्वतः कळवा. ही जबाबदारी मोटार वाहन कायद्यानं विकणाऱ्यावरच टाकली आहे. गाडी परराज्यात जाणार असेल तर मुदत ४५ दिवसांची आणि ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला विकत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमांत अधिकृत विक्रेत्याची नोंदणी आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना देण्याची सोय आहे. त्याच्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. ते दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याचं टोकन घेऊ नये.

एका भगिनींची चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देऊन थांबू. त्या विचारतात, गाडी मिस्टरांच्या नावावर आहे, ते गेल्या वर्षी वारले. एक गृहस्थ विसार द्यायला तयार आहेत, घेऊ का? ताई, आत्ता घेऊ नका. गाडी आधी तुमच्या नावावर करावी लागेल. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं लागतात. मालक गेल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा असतो. तुमची मुदत उलटली आहे, तेव्हा थोडं विलंबशुल्क भरावं लागेल, पण काम होतं. इतर वारस असतील तर त्यांची संमती लेखी घ्या. त्या गृहस्थांना खरी परिस्थिती सांगा, त्यांचा नंबर लिहून ठेवा, आणि नवीन आरसी हातात आली की पहिला फोन त्यांना करा.